व्याख्या जुन्या झाल्या आहेत

कोपऱ्यातली हिरवी ढाल लाल झाली,
ती आधी मला दिसली.
ह्यांना वाटलं, दिवाळीचं काहीतरी असेल.

पुतणीच्या लग्नाचे फोटो ह्यांनी पेनड्राइव्हवर आणले
आणि दुसऱ्या दिवसापासून एकेका फोल्डरचा शॉर्टकट झाला.
उघडावं तर आत काहीच नाही.
बँकेचं पान काढायला जावं तर
एक फुगलेली बाई मध्येच येऊन
मला वजन कमी करायला सांगायची.

रावपुऱ्यातल्या दुकानानं मुलगा पाठवला.
दांडिया बाजारचे आमचे दोन जिने चढून आला,
प्रिंटरवरची लोणच्याची बरणी न विचारता खाली ठेवली
आणि नेटची वायरच उपटली.
"काकी, आधी दार बंद."
मग जरा वेळानं तीच वायर परत लावली.
हे रे काय?
"औषधपण ह्याच दारानं येतं ना."

निळी पट्टी. सात टक्के.
सात टक्के.
आठ.

"प्रोग्रॅम चांगलाय तुमचा,
फक्त चारशे बारा दिवस त्याला कुणी काही सांगितलंच नाही.
वाईट म्हणजे काय, हे त्याला आपसूक कळत नाही.
नावं दिली, तेवढेच वाईट.
यादी रोज नवी उतरवायची असते.
व्याख्या म्हणतात तिला."

यादी म्हटल्यावर मी पदर सावरून बसले.

आमच्याकडे आहे एक.
सासूबाईंनी किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर तोंडी दिलेली.
सुळ्यांच्या हळदीकुंकवाला जायचं, बसायचं नाही.
वाडीतल्या प्रधानांशी आपण होऊन बोलायचं नाही.
आणि कारखानिसांचं तर नावच नको:
त्यांनी शिवणयंत्र नेलं
आणि बॉबिनकेसशिवाय परत धाडलं,
अठ्ठ्याहत्तर साली, माझ्या लग्नाच्या पाच वर्षं आधी.

चौतीस वर्षं मी ही यादी चालवतेय.
तिच्यातली दोन माणसं वारलीसुद्धा,
आम्ही अजून त्यांना अडवून धरलंय.
न्यायमंदिरापाशी त्यांच्या घरचं कुणी दिसलं
की माझी मान आपोआप वळते,
सुरसागरातल्या शंकराला नमस्कार केल्यासारखं करते मी.
(किती नमस्कार झाले असतील फुकटचे.)
आणि 'बेन, बेन' करत
ज्यानं फोनवर अठरा हजार काढून नेले,
तो कुठल्याच यादीत नव्हता.
त्याला मी तब्येतीला जपा म्हटलं होतं.

चौसष्ट टक्के.
मुलगा दोन पेले पाणी प्याला, गटागटा.

नाव काय रे तुझं?
"निहार."
पुढचं?
पडद्यावरची नजर न काढता म्हणाला,
"कारखानीस."
मग हसला.
"आजी म्हणाली होती, टिपणिसांकडे जातोयस तर जा,
पाणी पिऊ नकोस."

म्हणजे तिकडेही एक ढाल आहे
आणि तिच्यात मी लाल आहे.
इतक्या वर्षांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं.
विचारलं, आमचा गुन्हा काय म्हणे?
"काहीतरी बॉबिनचं आहे.
मशीन देतानाच तुम्ही ती दिली नव्हती म्हणे,
आणि मग साऱ्या बडोद्यात सांगत सुटलात."

पट्टी भरली. मग शोध सुरू झाला,
आमची लाइटबिलं, ह्यांच्या साखरेचे रिपोर्ट,
पुतणीचे सहाशे फोटो, सगळ्यांतून
ते भराभरा नावं वाचत गेलं
आणि सव्वीस ठिकाणी थांबलं.
पंचवीस निघाले.
"एक राहिला. चालू मशीनमधून तो निघत नाही, काकी.
बंद करून पुन्हा सुरू करावं लागेल."

कर.

पडदा काळा झाला. त्यात आम्ही दोघं दिसलो,
तो आणि मी, एका काचेत.
आतल्या खोलीतून ह्यांनी विचारलं, कोण आलंय गं?
दुकानातला मुलगा, म्हटलं.
ह्यांना सांगेन सावकाश. रविवारी.

चहा टाकलाय.
शिवणयंत्राचा खण मात्र आज उघडणार नाही.
बटणं आहेत त्यात, मोडक्या सुया,
सासूबाईंच्या वेळचा दोरा,
आणि तळाशी हाताला काही लागलं
तर?